रिंगसाइडला 24-70 लेन्स पुरते, 70-200 ची गरज नाही

शटरवाला:
हौशी बॉक्सिंग रिंगच्या कडेवरून टिपायचं तर 24-70 मिमीची झूम लेन्स, एफ/2.8 (म्हणजे मोठं छिद्र, भरपूर प्रकाश). दोरांच्या आत रिंग साधारण 6.1 मीटर, म्हणजे मध्यावरची लढत तुमच्यापासून तीनेक मीटरवर. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर 70 मिमीला आडव्या चौकटीत तिथे जेमतेम एक मीटर उंची मावते, डोक्यापासून कमरेपर्यंत. आणखी जवळ कशाला? खेळाडू तुमच्या बाजूला आले की 70-200 मिमीच्या लांब पल्ल्याच्या लेन्समध्ये गाल आणि ग्लोव्ह उरतात, पाय जातात. पायांची ठेवण दिसली नाही तर ठोशात जोर कुठून आला तेच कळत नाही.

निळा_कोपरा:
अजिबात पटत नाही. 24-70 घेतली की हात आपोआप दोरांच्या आत जातो. खेळाडू दोरावर रेलला की दोर बाहेर येतो आणि कॅमेरा तुमच्या भुवईवर आदळतो. त्याच्या पाठीला हूड (लेन्सच्या पुढची कडक झालर) लागलं तर त्याहून वाईट. तटस्थ कोपऱ्याजवळ (जो कोणत्याच खेळाडूचा नाही), दोन पावलं मागून 70-200 लावा. एफ/2.8 ला जवळचा दोर धूसर होऊन विरघळतो.

शटरवाला:
विरघळतो, पण ऑटोफोकस आधी त्यालाच धरतो! हूड दोरांच्या रेषेबाहेरच ठेवायचं. दोघे तुमच्याकडे सरकले की कॅमेरा मागे, चौकट गेली तर जाऊ द्या.

बेलनंतर:
लेन्सवरून एवढं भांडताय, फोटो बिघडतात शटरपायी. ग्लोव्हचा वेग सेकंदाला 8 मीटर धरा. 1/500 सेकंदाच्या शटरला तो 16 मिमी सरकतो, 1/1000 ला 8. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) 6400 झाला तरी चालेल, नॉइज (फोटोतले दाणे) काढता येतो, फरफटलेला ग्लोव्ह नाही. आणि बर्स्टच्या (सलग फोटोंच्या) भरवशावर राहू नका. सेकंदाला 10 फ्रेम म्हणजे दोन फ्रेममध्ये ग्लोव्ह 80 सेंमी पुढे. ठोसा बसलेला व्ह्यूफाइंडरमध्ये दिसला, तर तो फोटोत नाही. मागचा खांदा वळायला लागला की बटण दाबा.

निळा_कोपरा:
शटरचं मान्य, पण 1/1000 ला दिव्यांची लुकलुक पकडली जाते. 50 हर्ट्झच्या विजेवर बरेच दिवे सेकंदाला 100 वेळा मंद-तेज होतात, त्यामुळे एक फ्रेम उजळ, पुढची पिवळट. इलेक्ट्रॉनिक शटर असेल तर आडवे पट्टेही येतात.

बेलनंतर:
म्हणून मेकॅनिकल शटर आणि अँटी-फ्लिकर (दिवे तेज असतानाच फोटो घेणारी कॅमेऱ्यातली सोय). त्याने बटण किंचित उशिरा लागू होतं, तेवढं आधी दाबायचं. हेडगार्ड असेल तर वरच्या दिव्यांनी डोळे काळवंडतात, एक्स्पोजर चेहऱ्यावरून मॅन्युअल लावा. फ्लॅश मात्र नको, खेळाडूचे डोळे दिपले की समोरून येणारा ठोसा त्याला दिसणार नाही.