गालिच्याचा सेल (घरचा ग्रुप)

*वहिनी:* भाऊजी, अमरावतीच्या त्या गालिच्याच्या दुकानाचा मेसेज आला. दुकान बंद होऊन राहिलं म्हणते, ७० टक्के सूट, रविवार शेवटचा दिवस. ४०,००० चा हातानं विणलेला १२,००० ले. साक्षगंधाले पाव्हणे येतीन, घेऊन टाकू का?

*भाऊजी:* वहिनी, घाई नका करू. दुकान बंद होण्याचा हाच बोर्ड मी पोळ्याले पाह्यला, दिवाळीतही लागूनच होता. आन ४०,००० ची चिठ्ठी कोणं लावली? दुकानदारानंच. मंग सूट कायच्यावर मोजाची?

*आत्या:* पण हातचा हाय म्हणते ना रे.

*भाऊजी:* आत्या, हिशोब करून पाहा. एका चौरस इंचाले १०० गाठी धरल्या तरी ६ बाय ९ फुटाच्या गालिच्यात ७,७७,६०० गाठी होतात. एकेक गाठ विणकर बोटानं बांधते, महिने लागतात. मंग तो १२,००० त कसा परवडन? मले त्या विणकरायचंच वाईट वाटते. त्यायच्या नावावर भलताच माल खपते.

दुकानात गेल्यावर गालिचा पहिले उलटा करा. गाठीचा असन तर मागूनही तीच वेलबुट्टी दिसते, आन झालर त्याच्याच ताण्याची (उभ्या धाग्यायची) असते, वरून शिवलेली नाही. मागं कापड चिकटवलं असन तर तो टफ्टेड. त्याच्यात हातातल्या यंत्रानं लोकर घुसवतात आन मागून रबराचा थर देतात. काही वर्षांनी रबर सुकते, खाली भुगा गळते. स्वस्तात घ्याले हरकत नाही, पण गाठीच्या भावात नाही.

*पुतणी:* काका, दुकानदाराकडून एक धागा मागून घ्यायचा आणि जाळून बघायचा. लोकरीला जळक्या केसांचा वास येतो, प्लास्टिकचा धागा वितळून त्याचा कडक मणी होतो.

*वहिनी:* उत्तर प्रदेशातल्या भदोहीचा अस्सल हाय म्हणे.

*भाऊजी:* भदोहीच्या हातच्या गालिच्याले २०१० मधी जीआय, म्हणजे त्या गावच्या मालाचं सरकारी मानांकन, भेटलं, म्हणून सगळेच ते नाव सांगतात. बिलावर लिहून मागा: हाताच्या गाठीचा, लोकरीचा, माप इतकं. २०१९ च्या ग्राहक कायद्यात बिल न देणं म्हणजे अनुचित व्यापार. नाहीच म्हटलं तर ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर फोन लावा.

*वहिनी:* तुमचे दादा म्हणतात, लेखी देत असन तरच पाहू. साक्षगंधाले सतरंज्या हायेतच.

*भाऊजी:* बैठकीचं माप घेऊन ठेवा. सोमवारी मी येतो संगं.