‘मुक्काम पोस्ट’मधली पोस्ट आणि नोकरीची पोस्ट एकच काय?

प्रश्न (उचगाव, ता. बेळगाव)
नमस्कार. पुतण्या भरतीचे फॉर्म भरतोय. कन्नड जाहिरातीत ‘हुद्दे’ असतं, मराठीत ‘पद’, पण घरात सगळे ‘पोस्ट निघाल्यात’ असंच म्हणतात. पाकिटावर ‘मु. पो. उचगाव’ लिहिताना त्यानं विचारलं, काकी, ही पोस्ट आणि ती पोस्ट एकच काय? शिवाय गोलपोस्ट, पोस्टमॉर्टेम, व्हॉट्सअॅपवरची पोस्ट. जाणकारांनी सांगा की.

उत्तर (खानापूर, हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवते)
ताई, पुतण्याला शाबासकी द्या. वर्गात असा प्रश्न आला की मी धडा बाजूला ठेवते.

हुद्दा आणि टपाल ही सख्खी भावंडं. लॅटिनमध्ये ‘पोनेरे’ म्हणजे ठेवणं. त्यापासून इटालियनमध्ये दोन शब्द झाले, ‘पोस्तो’ आणि ‘पोस्ता’. पोस्तो म्हणजे नेमून दिलेली जागा. तो फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला, आधी शिपायाची पहाऱ्याची जागा म्हणून आणि पुढं कुठल्याही नोकरीतली जागा म्हणून. पोस्ता म्हणजे वाटेवर ठरावीक अंतरावरची जागा, तिथं स्वार आणि ताजे घोडे ठेवलेले असायचे. एकानं थैली आणायची, पुढच्यानं न्यायची. आपल्याकडच्या डाकचौक्यांचं कामही असंच चालायचं. मग जागेचं नाव स्वाराला पडलं, स्वाराचं थैलीतल्या पत्रांना आणि शेवटी कचेरीला. अरबीतून आलेला मुक्कामही मुळात थांबायची जागाच. म्हणजे ‘मु. पो.’मध्ये जागेचे दोन शब्द शेजारी बसलेत!

पोनेरेचं गोत मोठं आहे. बँकेतलं डिपॉझिट, एसटीचा डेपो, अगदी शेतातलं कंपोस्टसुद्धा त्यातलंच. कंपोस्ट म्हणजे एकत्र ठेवलेलं.

गोलपोस्टचा पोस्ट मात्र वेगळा. तो लॅटिन ‘पोस्तिस’वरून आला, म्हणजे दाराच्या चौकटीचा उभा खांब. जाहीर नोटिसा खांबांवर लावत, त्यामुळे नोटीस लावणं म्हणजेच ‘पोस्ट करणं’ झालं. पोस्टर त्यातूनच निघालं आणि व्हॉट्सअॅपवरची पोस्टही. पोस्तिसमध्ये ‘स्तारे’, म्हणजे उभं राहणं, हा धातू आहे असं मानतात. तोच आपला संस्कृत ‘स्था’. त्याच्यापासून स्थान, स्थानापासून ठाणं. आणि तिकडं स्तारेपासून स्टेशन. पोलीस ठाणं म्हणा नाहीतर पोलीस स्टेशन, मूळ एकच. मुलांना हे सांगताना मला दरवेळी तितकाच आनंद होतो.

पोस्टमॉर्टेममधलं पोस्ट म्हणजे ‘नंतर’, मृत्यूनंतरची तपासणी. घड्याळातल्या पी. एम.मधला पी हाच. संस्कृतातला ‘पश्चात्’ याच्या कुळातला.

उत्तर (बेळगाव, माजी सैनिक)
बाईंनी शिपायाची जागा म्हटलं, त्यात भर घालतो. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच, त्यामुळे इथल्या पुष्कळ घरांत ‘पोस्टिंग कुठं आलं?’ हाच पहिला प्रश्न. आमच्याकडं पोस्ट म्हणजे चौकी. हुकमाशिवाय ती सोडायची नाही.

सैनिकाच्या अंत्यसंस्काराला बिगुलावर ‘लास्ट पोस्ट’ वाजवतात. त्यातल्या पोस्टचा अर्थ लोक शेवटचं पत्र असा लावतात. तसं नाही. ब्रिटिश फौजेत रात्री पहाऱ्याच्या चौक्या तपासत फिरायचे. तपासणी सुरू होताना ‘फर्स्ट पोस्ट’ वाजायचं आणि शेवटची चौकी झाली की ‘लास्ट पोस्ट’. गेलेल्या जवानाचा पहारा पुरा झाला, आता त्यानं विसावावं, म्हणून ते वाजवायची प्रथा पडली. पोरांना हे आवर्जून सांगा.

प्रश्नकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. पुतण्यानं सगळं वहीत उतरवून घेतलं. त्याची आणखी एक शंका: पोझिशन आणि फोटोसाठी देतात ती पोझ, हीपण पोनेरेचीच काय?

उत्तर (खानापूर)
पोझिशन होय, थेट त्याचीच. पोझ मात्र ‘पाउसारे’ या दुसऱ्या लॅटिन शब्दावरून आली, म्हणजे थांबणं, विसावणं. ‘पॉज’ त्याच्याच घरातला. फ्रेंचमध्ये पाउसारेचं ‘पोझे’ झालं, ते पोनेरेच्या रूपांसारखं ऐकू यायला लागलं आणि ठेवण्याचा अर्थही त्याला चिकटला. कंपोझ, डिस्पोझ या शब्दांतही हीच सरमिसळ आहे. म्हणून कंपोझ आणि कंपोस्ट कानाला जवळचे वाटले तरी त्यांची मुळं वेगळी आहेत, एवढं त्याच्या वहीत घाला.