मदत हवी आहे: वडिलांचा विसराळूपणा, आधी कुठं दाखवू?
नमस्कार मंडळी, वडील 71 चे, सोलापुरात यंत्रमागावर 35 वर्षं काढली त्यामुळं ऐकू कमीच येतं. पाच-सहा महिने झाले एकच गोष्ट चारदा विचारतात, परवा तर सिद्धेश्वरला जाऊन येताना रस्ताच चुकले आणि घरी आले ते दुसऱ्याची चप्पल घालून (आई हसली, मला रडू आलं). घरचे म्हणतात वय झालं. पण बी-12 किंवा थायरॉइड कमी असलं तरी असं होतं ना, आणि लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या 2024 च्या अहवालात डिमेन्शियाचा (स्मृतिभ्रंशाचा) धोका वाढवणाऱ्या 14 गोष्टींत कमी ऐकू येणं पण आहे. मग आधी रक्त तपासू का थेट न्यूरोलॉजिस्ट? कानाच्या मशीनला तर तयारच नाहीत, "मागाचा खडखडाट थांबला, आता शांत बरंय" म्हणतात. तुम्ही कसं तयार केलं सांगा की.