अंगावर पाजणाऱ्या बाईची इद्दत तीन महिन्यांत संपते का?

प्रश्न

माझी धाकटी बहीण बाळंतपणासाठी माहेरी आली, ती परत सासरी गेलीच नाही, कारण तिच्या नवऱ्याने तिला न्यायला येण्याचे सतत टाळले. बाळ पाच महिन्यांचे असताना त्याने दोन साक्षीदारांसमोर तिला एकदा तलाक दिला. तेव्हा ती पाक होती, म्हणजे पाळी चालू नव्हती. त्याला आता चार महिने झाले. बाळ अजून अंगावर पीत असल्यामुळे या काळात तिला एकदाच पाळी आली असून, भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिने त्या सहा दिवसांभोवती पेन्सिलीने गोल केले आहेत. घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात की तीन महिने उलटले म्हणजे इद्दत, म्हणजे तलाक किंवा नवऱ्याच्या मृत्यूनंतर दुसऱ्या निकाहाआधी थांबण्याचा काळ, संपली, शिवाय दोघे आधीपासूनच वेगळे राहत होते, तेव्हा आता दुसऱ्या स्थळाची बोलणी सुरू करावीत. नवऱ्यानेही हेच कारण सांगून खर्च पाठवणे बंद केले आहे. शेजारच्या एका बाईंनी तर पहिल्याच आठवड्यात तिच्या हातातल्या बांगड्या उतरवायला लावल्या. आम्ही हनफी (सुन्नी मुस्लिमांच्या फिकही पंथांपैकी एक) आहोत. खरे काय आहे?

पहिले उत्तर

तुमच्या बहिणीची इद्दत संपलेली नाही, हे आधी स्पष्ट सांगतो, कारण याच चुकीतून पुढे निकाहच अवैध ठरण्याची वेळ येते. कुराणातील सूरह बकराच्या २२८व्या आयतीत तलाक झालेल्या बाईसाठी तीन 'कुरू' सांगितले आहेत आणि हनफी मताप्रमाणे त्याचा अर्थ तीन पूर्ण हैज, म्हणजे तीन पाळ्या, असा होतो. तीन महिन्यांचा हिशेब सूरह तलाकच्या चौथ्या आयतीत येतो, पण तो जिची पाळी वयामुळे थांबली आहे किंवा जिला ती आलेलीच नाही तिच्यासाठी आहे. गरोदर बाईची इद्दत त्याच आयतीप्रमाणे प्रसूतीपर्यंत चालते. दूध पाजण्यामुळे पाळी लांबली, तर इद्दतही लांबते.

यावर एक जुना निवाडा आहे आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. इमाम मालिक यांच्या 'मुवत्ता' या हदीससंग्रहात नोंद आहे की हब्बान यांनी आपल्या दोन बायकांपैकी अन्सारी बायकोला, ती बाळाला पाजत असताना, तलाक दिला. वर्ष लोटले, तिला पाळी आली नाही आणि तेवढ्यात हब्बान वारले. आपली इद्दत अजून चालू आहे, म्हणून आपण वारस आहोत, असे तिने सांगितले आणि खलिफा उस्मान यांनी तिच्या बाजूने निकाल दिला. लांबलेली इद्दत बाईला नुसती अडकवून ठेवत नाही, तिचे हक्कही तितकेच दिवस जिवंत ठेवते, हे आपल्या घरांमध्ये कुणी सांगत नाही.

आधी वेगळे राहिल्याचे दिवस यात धरता येत नाहीत, कारण तलाक उच्चारेपर्यंत निकाह कायम होता आणि इद्दत त्या क्षणापासूनच सुरू होते. एक तलाक रजई, म्हणजे मागे घेता येण्याजोगा, असल्यामुळे नवऱ्याला इद्दतीत नवा निकाह न लावता तिला परत घेता येते. म्हणून या काळात स्थळाची बोलणी उघडपणे तर नाहीच, सूचकपणेही करता येत नाहीत. बांगड्या मात्र तिने आजच घालाव्यात. साजशृंगार सोडण्याचा नियम विधवेच्या चार महिने दहा दिवसांच्या इद्दतीचा आहे. हनफी मतात तो बाइन तलाकलाही, म्हणजे नव्या निकाहाशिवाय मागे घेता न येणाऱ्या तलाकलाही, लागू होतो, रजईला नाही.

दुसरे उत्तर

वरील उत्तराशी मी सहमत आहे, फक्त खर्चाबद्दल भर घालते. रजई तलाकच्या इद्दतीत राहण्याची जागा आणि नफका (निर्वाहाचा खर्च) देणे नवऱ्यावर बंधनकारक आहे आणि ते इद्दत संपेपर्यंत, तीन महिन्यांपुरते नव्हे. बायको विनाकारण घर सोडून गेली असेल तर नफक्याचा प्रश्न निघतो. इथे मात्र तोच न्यायला आला नाही, ही गोष्ट काझींसमोर नीट मांडावी. बाळाचा खर्च तर इद्दतीशी बांधलेलाच नाही, तो इद्दतीनंतरही बापाकडेच राहतो.

शाफई (दुसऱ्या एका सुन्नी पंथाच्या) वाचकांसाठी एक फरक नोंदवते. त्यांच्या मतात 'कुरू' म्हणजे तुहर, पाकीचा काळ. त्यामुळे ज्या पाकीत तलाक झाला ती पहिली धरली जाते आणि तिसरी पाळी सुरू होताच इद्दत संपते.

प्रश्नकर्ती

मनापासून आभार. बांगड्यांचे तिला आताच सांगितले. तिसऱ्या पाळीचा नेमका कोणता क्षण धरायचा, तेवढे सांगाल का?

पहिले उत्तर देणारे

हनफी मतात पाळीची कमाल मुदत दहा दिवसांची आहे. पूर्ण दहा दिवसांनी ती थांबली तर त्याच क्षणी इद्दत संपते. त्याआधी थांबली, तर बहिणीने गुस्ल (शुद्धीचे स्नान) केल्यावर किंवा पाक झाल्यानंतर एका नमाजाची वेळ उलटून गेल्यावर. तिच्या नेहमीच्या सहा दिवसांना यातला दुसरा नियम लागेल, म्हणून कॅलेंडरवर तारखेसोबत वेळही लिहून ठेवायला सांगा.