मदत हवी आहे: अस्वलाचं चित्र असलेली फाइल उडवली, आता काय? (ऑनलाइन फोरमवरची चर्चा, २००२)

सावनी: प्लीज कोणीतरी लवकर सांगा. मामाच्या मेलमध्ये व्हायरस म्हणून लिहिलं होतं तशीच अस्वलवाली फाइल माझ्याकडेही सापडली. डिलीट केली, रीसायकल बिनमधूनही काढली. नंतर वाटलं, चुकलं की काय? कॉम्प्युटर बंद करू की चालू ठेवू?

अण्णा_सातारा: फाइलचं नाव? विंडोज कुठलं? मेलमध्ये नेमकं काय लिहिलंय? अस्वलावरून काय कळणार?

बंड्या: सरळ फॉरमॅट मारा. मी दर सहा महिन्यांनी मारतो, कधी त्रास नाही.

सावनी: फॉरमॅट नको! बाबांची सगळी पत्रं त्यात आहेत. विंडोज ९८. नाव जेडीबीजीएमजीआर डॉट ईएक्सई. हा व्हायरस १४ दिवस गप्प बसतो, नॉर्टन आणि मॅकॅफी या अँटिव्हायरसना सापडत नाही, ॲड्रेस बुकमधल्या सगळ्यांना आपोआप जातो, म्हणून सगळ्यांना कळवा, असं होतं. मी ३१ जणांना कळवलं.

अण्णा_सातारा: मग घाबरू नकोस. ही अफवा आहे, या एप्रिलपासून फिरतेय. ती फाइल मायक्रोसॉफ्टचीच, जावा प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या कामाची. चित्रच अस्वलाचं दिलंय. बहुतेक विंडोजमध्ये ती असते, म्हणून जो शोधेल त्याला सापडते आणि त्याला वाटतं लागण झाली. नॉर्टनला सापडत नाही, कारण त्यात सापडण्यासारखं काही नाहीच. आणि १४ दिवस म्हटलं की काही बिघडलेलं दिसत नसतानाही माणूस मेल पुढे ढकलतो.

खटपट्या: इतकं छातीठोक सांगू नका. गेल्या वर्षी सल्फएनबीके या विंडोजच्या फाइलबद्दलही अफवाच म्हणत होते, पण माझ्याकडे त्याच नावाच्या फाइलमध्ये खरा मॅजिस्टर व्हायरस निघाला.

अण्णा_सातारा: तुमच्याकडे ती मेलला जोडून आली होती ना? मॅजिस्टर कुठलीही ईएक्सई बाधित करून पाठवतो. विंडोजच्या फोल्डरमध्ये आधीपासून असलेली फाइल वेगळी. शंका आली तर अँटिव्हायरस अपडेट करून तपासा, नुसत्या नावावरून उडवू नका.

रानजाई: अपडेटवरून आठवलं, क्विकहीलची सीडी कितीला मिळते सध्या?

सावनी: पण मामा बँकेत कॉम्प्युटर सेक्शनला आहे, तो उगीच कशाला पाठवेल?

अण्णा_सातारा: त्याने काळजीपोटीच पाठवलं. त्यालाही कोणीतरी तसंच पाठवलं असणार. पाठवणारा कोण हे बघून खरंखोटं ठरत नाही. फाइलचं नाव गूगलमध्ये टाक, नॉर्टनवाल्या सिमँटेकच्या साइटवर अफवांची पानं आहेत, त्यात ही आहे. १९९४ च्या ‘गुड टाइम्स’ या व्हायरसच्या अफवेपासून या मेलांचा साचा साधारण एकच: मोठ्या कंपनीचं नाव, अँटिव्हायरसला सापडत नाही आणि सगळ्यांना पाठवा.

बंड्या: म्हणून म्हणतो, लिनक्स टाका.

सावनी: ती फाइल परत कशी आणू ते सांगा ना!

अण्णा_सातारा: व्हिज्युअल जे प्लस प्लस या मायक्रोसॉफ्टच्या सॉफ्टवेअरमध्ये जावा प्रोग्राम लिहीत नसशील तर आणायची गरजच नाही, असं मायक्रोसॉफ्टच सांगतं. त्या ३१ जणांना मात्र आजच कळव.

सावनी: आता पाठवतेच. पण त्यात दादा आहे, तो ऑफिसमध्ये जे प्लस प्लसवरच काम करतो. आधी त्याला फोन करते, अजून उडवली नसली म्हणजे बरं.