जपानी क्लायंटचं 'हाइ' म्हणजे होकार नसतो का?

चिंचवडची_टेस्टर
सहा वर्षं अमेरिकन क्लायंटकडे काढली. तिथे तारीख पुढे ढकला म्हटलं की तोंडावर 'नो, दॅट वोन्ट वर्क'. राग यायचा, पण विषय तिथेच संपायचा. तीन महिन्यांपूर्वी तोक्योच्या प्रोजेक्टवर आले. मागच्या कॉलवर मी म्हणाले, रिलीज ११ ऐवजी १८ ला करू. तिकडचे मॅनेजर माझ्या प्रत्येक वाक्याला 'हाइ, हाइ'. शेवटी दातांतून हवा ओढून म्हणाले, 'चोत्तो... मुझुकाशीइ देस ने.' जरा अवघड आहे, एवढं मला कळलं (जपानी भाषेच्या परीक्षेची एन-४ पातळी पास आहे!). म्हटलं, अवघड असेल तर आम्ही मदत करू, आणि मिनिट्समध्ये '१८ तारीख मान्य' लिहून मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी थेट माझ्या बॉसला फोन. चुकलं कुठे?

निशिकासाईकर
अगं, ते 'हाइ' म्हणजे पोवाड्यातलं 'जी जी रं जी'. शाहिराला साथ, संमती नव्हे. त्याला आइझुची म्हणतात. शब्द मूळचा लोहाराकडचा: दोघांनी आळीपाळीने हातोडा मारायचा, तो. मी सुरुवातीला गप्प राहून ऐकायचो, तर पलीकडचा विचारायचा, 'मोशी मोशी, आवाज येतोय ना?'

आणि 'मुझुकाशीइ' म्हणजे चक्क नाही. मुलाकडच्यांनी 'पत्रिका जुळत नाही' कळवलं आणि तू पत्रिका दुरुस्त करून द्यायला निघालीस!

पुढच्या वेळी कॉलआधी एकेकाशी वेगळं बोलून घे. याला नेमावाशी म्हणतात. झाड दुसरीकडे लावायचं तर आधी मुळांभोवती खणून ठेवतात ना, तसं. मीटिंगमध्ये नुसत्या माना हलतात.

जर्सीवाला_बंड्या
अमेरिकन सरळ बोलतात हे अर्धंच खरं. तारखा आणि पैसे, एवढ्यापुरतं. माझ्या पहिल्या अप्रेजलला साहेबाने 'ग्रेट जॉब' वगैरे इतकं कौतुक केलं की घरी जाताना मी श्रीखंडाचा डबा घेतला. शेवटी 'वन स्मॉल थिंग' म्हणून जे पुटपुटला, तेच खरं अप्रेजल होतं. रेटिंग आलं तेव्हा कळलं. डबा संपला होता.

चिंचवडची_टेस्टर
माफीचं मेल टाकलं, १८ का हवी तेही नीट लिहिलं. आत्ताच उत्तर आलं: 'केन्तो शिमास.' विचार करतो म्हणे. आशा आहे ना?

निशिकासाईकर
११ च्या तयारीला लाग.