४२९४९६७२९७ मूळ की संयुक्त?

अंकगणू:
४,२९,४९,६७,२९७ म्हणजे २^३२ + १. पाया २ घेऊन फर्माची चाचणी (तपासायची संख्या N; २^(N−१) ला N ने भागायचं, N विषम मूळ असेल तर बाकी १ येते) लावली की बाकी १ येते, म्हणजे मूळ वाटते. पुस्तकात मात्र संयुक्त दिली आहे, एक अवयव ६४१. सी या प्रोग्रामिंग भाषेत ३२ बिटी अनसाइन्ड इंट (ऋण नसलेल्या पूर्णांकांचा प्रकार) घेऊन ६४१ ने भागलं तर बाकी १ दाखवतो. गडबड कुठे आहे? आणि हे अवयव हातानं निघतात का?

शेषराव:
गडबडी दोन आहेत. त्या इंटमध्ये जास्तीत जास्त ४२९४९६७२९५ मावते. तुमची संख्या त्याच्या दोनने पुढे, म्हणून साठवला जातो नुसता १. ६४ बिटी अनसाइन्ड लाँग लाँग वापरा.

पाया २ इथे कुचकामी आहे. N ने भागल्यावर २^३२ ची बाकी −१ (म्हणजे N−१), म्हणून २^६४ ची १. फर्माच्या चाचणीतला घात N−१ म्हणजे २^३२, त्याला ६४ ने भाग जातो. बाकी १ येणारच. मिलर-राबिन ही त्याहून कडक चाचणीसुद्धा पाया २ ला फसते. ३ पासून सुरुवात करून ३२ वेळा वर्ग करा, दर वेळी बाकी घ्या. शेवटी ३०२९०२६१६० येईल. १ नाही, म्हणजे संयुक्त. (मधली बाकी नेमकी २^३२ आली तरच वर्ग ६४ बिटांबाहेर जातो. इथे तसं होत नाही.)

वर्गमूळकर:
हातानं आरामात निघतात. फर्माने १६४० मध्ये अशा सगळ्या संख्या (२^(२^n) + १ साच्याच्या, म्हणजे फर्मा संख्या) मूळ असाव्यात असं म्हटलं होतं. ऑयलरने १७३२ मध्ये हीच फोडली. हिचा प्रत्येक मूळ अवयव १२८k + १ असाच असतो (ऑयलरकडे ६४k + १ होतं, १२८ ची सुधारणा लुकासची). म्हणून १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१ एवढेच बघायचे. १२९, ३८५, ५१३ मूळ नाहीत. २५७ स्वतःच फर्मा संख्या, आणि दोन वेगळ्या फर्मा संख्यांचा मसावि १ असतो. पहिलाच खरा भागाकार ६४१ चा, आणि तो जातो: ६४१ × ६७००४१७.

६७००४१७ चं वर्गमूळ २५८८ च्या आसपास. त्याच साच्यातल्या ६४१, ७६९, ११५३, १४०९ ने भागा. बाक्या ४४, १२०, ३३४, ६२२. म्हणजे मूळ.

अंकगणू:
आणि हिची ६५५३६² + १² ही मांडणी? मूळ संख्या दोन वर्गांत एकाच प्रकारे मांडता येते ना?

शेषराव:
हो, आणि इथे दुसरीही आहे: ६२२६४² + २०४४९². तेवढ्यावरही संयुक्त ठरते. ६४१ = २५² + ४² आणि ६७००४१७ = २५५६² + ४०९² घेऊन ब्रह्मगुप्ताची सर्वसमिका लावा: (a² + b²)(c² + d²) = (ac ± bd)² + (ad ∓ bc)². २५×२५५६ = ६३९००, ४×४०९ = १६३६: बेरीज ६५५३६, वजाबाकी ६२२६४. तसंच २५×४०९ = १०२२५, ४×२५५६ = १०२२४: वजाबाकी १, बेरीज २०४४९.